गोदाआत्याचा कुळथाचा काढा

हर्षदचा मूतखडा लेझरने फोडून काढला आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नाही, तिथेच सगळा घोळ झाला. कॉलेजच्या ऑफिसातून रजा टाकून तो घरी आराम करत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं टेकवायचा आणि म्हणायचा, "टाके बघू."

"टाके नाहीत. दुर्बिणीतून झालं सगळं."

"मग दुर्बीण घातली कुठून?"

समोर गोदाआत्या बसलेली. वडिलांच्या थोरल्या बहिणीसमोर हे सांगायचं कसं? हर्षद शहाळं प्यायला लागायचा.

"टाके असतील कुठून?" आत्या संधी साधायची. "सहा महिने माझा कुळथाचा काढा पितोय. खडा आतच विरघळला. डाक्टराला गावली काय, तर भुकटी!"

भुकटी मात्र खरी होती. लेझरने खड्याचं पीठच केलं होतं, त्यामुळे बाटलीत घालून दाखवायलाही काही उरलं नव्हतं. चार दिवसांत काढ्याची कीर्ती साळवी स्टॉपपर्यंत पोचली आणि अंगणात माणसं तांबे घेऊन उभी राहू लागली. हर्षदने तेही हसून सोडलं असतं, पण बुधवारी शेजारचा रिक्षावाला शिवा आला.

"शुक्रवारची तारीख कॅन्सल करतोय," शिवा म्हणाला. "काढ्यानं जातंय तर आपरेशन कशाला?"

हर्षद ताडकन उठला. शिवाचा खडा नळीत अडकला होता, मूत्रपिंडाला सूज होती आणि उशीर केलात तर ते निकामी होईल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. शिवाची पोरं लहान होती. शिवाला ऑपरेशनला पाठवायचंच, मग आत्याशी वाकडं आलं तरी बेहत्तर, असं हर्षदने ठरवलं.

त्याने डिस्चार्ज कार्ड काढलं. "विंग्रजीत काय पण लिवतात," आत्या म्हणाली. त्याने सोनोग्राफीचे फोटो मांडले. "हा आधीचा, हा नंतरचा. मधी माझा काढा!" शेवटी लाज सोडून त्याने दुर्बीण कुठून घालतात ते शिवाच्या कानात सांगितलं. शिवा पांढराफटक पडला आणि दोन तांबे जास्तीचा काढा पिऊन गेला.

गुरुवारी सकाळी हर्षदने अभिमान गिळला. भर अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मान्य. माझा खडा आत्याच्या काढ्यानेच गेला."

आत्याचा चेहरा फुलला.

"पण शिवा, मी पथ्य पाळलं. काढा पिऊन झाला की लेझर मारून घ्यायचा. पथ्य मोडलं तर काढा बाधतो. काय गो आत्या?"

आत्या अडकली. पथ्य नसलेलं औषध तिने जन्मात कुणाला दिलं नव्हतं. निम्म्या आळीचं वांगं तिनेच बंद केलं होतं. "पथ्य तर पाळायलाच हवं," ती हळूच म्हणाली.

शुक्रवारी शिवाचं ऑपरेशन झालं. रविवारी तो एकही टाका न पडता घरी आला आणि रिक्षातून उतरून थेट आत्याच्या पाया पडला. हर्षदकडे कुणी बघितलंही नाही. त्याला राग आला, पण शिवाला हसताना बघून मनापासून बरंही वाटलं.

सोमवारी लांज्याहून एक गृहस्थ तांब्या घेऊन आले. आत्याने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आधी आपरेशनची तारीख घेऊन या," ती दरडावून म्हणाली. "पथ्य न पाळणाऱ्याला मी काढा देत नाय."