हरण्याची जय्यत तयारी

"तुला उत्तम काय येतं?" असं कोणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, हरता येतं! कॅरममध्ये मी सोंगट्या सोडून स्ट्रायकरच भोकात घालते. पत्त्यांत माझ्याकडे एक्का आला तर तोही बिचारा दुर्रीसारखा मान खाली घालून बसतो. लहानपणी लपंडावात तर राज्य असलेली मुलं डोळे न उघडताच मला शोधायची. म्हणून आमच्या मालकीणबाईंशी सापशिडी खेळायची आणि हरून यायचं असं ठरलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होते.

"हरायला काय अक्कल लागते?" मी आमच्या ह्यांना म्हटलं.

"म्हणून तर तुला पाठवतोय," हे म्हणाले.

आता हरायचं कशाला, ते सांगते. मी घरी शिवणक्लास चालवते. घर दोन खोल्यांचं. मशीन स्वयंपाकघरात, गॅस आणि फ्रिजच्या मध्ये अंग चोरून उभं. कापड बेतायला जागा एकच, आमचा पलंग. आणि पलंगावर हे! ह्यांची कायमची रात्रपाळी, त्यामुळे दिवसभर झोपलेले. माझ्या क्लासच्या मुली त्यांच्या कडेकडेने बेतत असतात. मागे एकीने कापडाबरोबर ह्यांचं पांघरूणही कापलं. तेव्हापासून त्या पांघरुणाला एक सुरेख गोल गळा आहे. हे गरीब माणूस! उठल्यावर म्हणाले, "बाह्या कधी लावणार?" पण ह्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होतीच.

त्यातच तळमजल्याची, गेटजवळची खोली रिकामी झाली. उजेडाची, ऐसपैस! मशीन तिथे गेलं की हे सुखाने घोरतील आणि माझ्या मुली सुखाने कापतील. पण खोली मालकीणबाईंची. या बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं 'बाई' म्हणते आणि आवाज खाली आणून म्हणते. त्यांना दुपारी सापशिडी खेळायचा नाद. आणि बिल्डिंगमध्ये बोलवा अशी, की बाईंना हरलेलं खपत नाही! वरच्या इलेक्ट्रिशियनने एकदा त्यांना हरवलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याची सायकल जिन्याखालून रस्त्यावर गेली.

म्हणून बाईंचं बोलावणं आलं तेव्हा बेत साधा होता. जायचं, हरायचं, बाईंची कळी खुलली की खोलीचा विषय काढायचा.

मी बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. बघते तर पार्लरवाली आधीच सोफ्यावर! समोर तिचा बिस्किटांचा पुडा. माझ्यापेक्षा मोठा! ती पहिल्या मजल्यावर, बाल्कनीत पडदा लावून भुवया कोरते.

"या ना ताई," ती साखरेत घोळून म्हणाली. "तुम्हीपण खोलीसाठी... आपलं, खेळायला?"

म्हणजे हीसुद्धा हरायलाच आली होती!

चौथी सिस्टर, आमच्या शेजारची नर्स. ड्युटीवरून नुकतीच आलेली, अर्धी झोपेत. तिला खोली नको, काही नको. पण एक भयंकर खोड, खरं बोलते! तेही इंजेक्शन दिल्यासारखं, पटकन आणि न विचारता.

बाईंनी पट मांडला. पहिलं दान माझं. मी फासा असा सोडला की बिचाऱ्याला उलटायचाही त्रास नको. सहा! पुन्हा टाकला. पाच. आणि समोर शिडी!

"वा," बाई म्हणाल्या. त्या 'वा'मध्ये कौतुक कमी आणि हवामानखात्याचा इशारा जास्त होता.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे देव नुसता देत सुटला होता आणि कर्म कुठे चहा प्यायला गेलं होतं कोण जाणे! प्रत्येक दानाला शिडी. आयुष्यभर लपून बसलेलं माझं नशीब नेमकं त्या दुपारी आंघोळपांघोळ करून बाहेर पडलं होतं. बाई मात्र वर चढल्या की साप, चढल्या की साप! दर वेळी त्या चष्मा काढून पदराने पुसायच्या. प्रत्येक पुसण्याबरोबर ती खोली माझ्यापासून लांब लांब चाललेली मला दिसत होती.

"ताई, काय नशीब काढलंत हो!" पार्लरवालीला आनंद मावेना.

शेवटी मी मोजताना एक घर गिळलं.

"पुन्हा मोज," बाई म्हणाल्या.

पुन्हा मोजलं. पुन्हा शिडी!

एवढ्यात पार्लरवाली शिडीच्या पायथ्याशी आली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. जसं काही बाहेर हत्ती चाललाय! मी कशी सोडीन?

"अहो, शिडी आलीय तुमची! चढा ना!"

"अय्या, दिसलीच नाही."

"दिसते कशी नाही? दुसऱ्यांच्या भुवईतला एकेक केस दिसतो तुम्हाला!"

मग काय, जुंपलीच. मी तिच्या शिड्या शोधते, ती माझ्या. मी माझे साप कुरवाळते, ती तिचे. "आधी तुम्ही चढा", "छे छे, मान तुमचा", असं करत आम्ही दोघी एकमेकींना ढकलत नव्वदीपार घेऊन गेलो. सिस्टर आपली जांभया देत मुकाट्याने मागून येत होती. बाई अजून तिशीत!

आणि मी सत्त्याण्णववर पोचले. तीन पडले तर जिंकणार आणि खोली गेली. एक पडला तर अठ्ठ्याण्णववरचा अजगरासारखा जाडजूड साप मला थेट खालच्या ओळीत आणून सोडणार. मी मनोभावे एक मागितला, डोळे मिटले आणि फासा फेकला.

डुबुक!

फासा माझ्याच चहाच्या कपात! चहा कडक, काळाभोर. तळाशी काय पडलंय कोणाला दिसेना.

"एक आहे!" मी ठोकून दिलं. "मला जाणवतंय!" आणि कप तोंडाला लावला.

"ताई, घशात अडकेल!" सिस्टरची झोप खाडकन उडाली. तिने एका हाताने माझी हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने कप ओढला. अर्धा चहा माझ्या मांडीवर, उरलेला बाईंनी शांतपणे बशीत ओतला. शेवटी फासा बशीत सरकला आणि सरळ बसला.

तीन.

मी जिवावर उदार झाले. मांडी भाजत असतानाच सोंगटी उचलली, एक घर पुढे नेऊन थेट सापाच्या तोंडात दिली आणि ओरडले, "अगंबाई, गिळलं मला!"

"तीन पडलेत," सिस्टर म्हणाली.

"थांबा." बाईंनी चष्मा चढवला. "तू लबाडी करतेस?"

"हो बाई. पण... उलटी."

"चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. उलटी चोरी आज बघितली! जिंकत असताना हरायचं? का?"

"मला तर मघापासून संशय येत होता," पार्लरवाली चटकन म्हणाली.

"तुम्हीपण तीनदा कमी मोजलंत की," सिस्टर म्हणाली. झालं, टोचलीच सुई! "बाई, यांना ती खालची खोली हवीय. सगळे म्हणतात, तुम्हाला हरवलं की तुम्ही रुसता. इलेक्ट्रिशियनची सायकल..."

"तिच्या चेनचं तेल गळत होतं! जिन्यात पाय घसरून पडले असते मी!" बाई उसळल्या. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मी जे डाव जिंकले, ते...?"

पार्लरवाली नखं बघू लागली. मला आपली मांडीची आगही कमी वाटायला लागली. बाई पटाकडे अशा बघत होत्या, जसं कोणी त्यांचं जुनं प्रगतिपुस्तक खोटं ठरवलंय.

"माझी खेळी राहिलीय," सिस्टरने फासा पुसला आणि फेकला. "चार. शंभर. झालं माझं. मी झोपायला जाऊ?"

आणि बाई हसल्या! अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जा गं बाई, जा! एकटी तूच मला खरी हरवून चाललीस!"

मग आमच्याकडे वळल्या. डोळ्यांतलं पाणी तेच, पण नजर गणिताच्या तासाची.

"मला हरण्याचं काही नाही. चुकीचं मोजलेलं खपत नाही! उद्या चारला दोघी खालच्या खोलीत या."

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारलाच हजर. खोलीत एक फळा, दोन बाकं आणि मधोमध सापशिडी! पार्लरवाली मागच्या बाकावर तोंड लपवून बसलेली.

"महिनाभर रोज खेळायचं," बाई म्हणाल्या. "एकही घर न चुकवता जी खेळेल, तिला खोली. पुढे बस, तू जास्त चुकतेस."

संध्याकाळी घरी आले तेव्हा हे ड्युटीवर निघण्यासाठी बूट घालत होते. माझ्या हाताला लागलेला खडू बघून ह्यांचा चेहरा फुलला.

"मिळाली खोली? झाला क्लास सुरू?"

"झाला," मी म्हटलं.

"वा! किती मुली आल्या?"

"दोन," मी पदराने हात पुसत म्हटलं. "मी आणि पार्लरवाली."