गुलाबराव आबांना नापसंत पुस्तक

दारव्ह्यात माझं पुस्तकांचं दुकान आहे. गुलाबराव आबा हे माझं सगळ्यात नियमित गिऱ्हाईक. दीड वर्षात त्यांनी एक पेन्सिलसुद्धा घेतलेली नाही. दर बाजाराच्या दिवशी येतात आणि विचारतात, "लहान पोरीसाठी रिझनिंगचं काही आलं का?" आधी पोरगी चार वर्षांची होती, आता पाचाची झाली.

आमच्याकडे रिझनिंग म्हणजे पोलीस भरतीच्या परीक्षेचं पुस्तक. पहिल्यांदा मी तेच पुढे केलं. आबांनी चार पानं उलटली. "यानं चोर पकडाचे हाय का पोरगी शिकवाची हाय?"

आबांचा जन्म जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेला. पुस्तकाचं पानही ते कापसाच्या तंतूसारखं चिमटीत धरून ओढून पाहतात. मी डोळे मिटून घेतो. मग परीक्षा माझी.

"केळं, आंबा, बोर, मिरची. येगळं कोन?"

"मिरची. तिखट असते."

"केळं! त्याच्यात बी नाही. दुकान कसं चालवतं रे बापू तू?"

गेल्या महिन्यात मी इरेला पेटलो. नागपूरहून खास लहान मुलांचं, चित्रांचं, झकास पुस्तक मागवलं. आबांनी ते मागून उघडलं. "उत्तरं छापून देल्ले. मंग लेकरानं बोलाव काय?"

माझं डोकंच फिरलं. "आबा, तुम्हाला पुस्तक पाहिजे का मला छळायचंय?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आबांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सुनेचं दुसरं लग्न आबांनीच पुढे होऊन लावलं आणि नात आईबरोबर अकोल्याला गेली. फोन त्या नातीचा होता.

"आबा, भेटलं का पुस्तक?"

आबांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "नाही माय."

"मंग तुमीच इचारा, येगळं कोन."

आबा माझ्या स्टुलावर ऐसपैस बसले. त्यांनी विचारलं, ती भांडली, ते हरले, आणि हरताना इतके हसले की मलाच गलबलून आलं. फोन ठेवून त्यांनी पुस्तक हळूच माझ्याकडे सरकवलं.

"भेटलं म्हनलं, त पुढच्या बाजाराले पोरगी फोन कायले करन, बापू?"

पुढच्या बाजाराला आबा आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नाही आलं, आबा. बसा."