आधी बैल, मग रावजी

दिवाळीच्या पाडव्याला रावजीच्या घरात एकच कायदा. आधी बैलाने जेवायचं, मग माणसांनी. शिवाय त्या दिवशी बैलावर हात उगारायचा नाही आणि तोंडातून शिवी काढायची नाही. हात आवरणं एक वेळ सोपं होतं. पण शिवीवाचून रावजीला साधं "पाणी दे" म्हणता येत नसे. त्यात वड्यांना पोटात जागा राहावी म्हणून पठ्ठ्या आदल्या रात्रीही जेवला नव्हता!

पहाटेच तो झेंडू आणायला गेला. परत आल्यावर ढवळ्याला न्हाऊ घातलं, शिंगांना तेल लावलं, वाटी गेरूत बुडवून अंगभर ठसे उठवले. बायकोने, हौसाने, केळीच्या पानावर पाच वडे आणि भोपळ्याची भाजी आणून पुढे ठेवली. ढवळ्याने पान हुंगलं आणि मान फिरवली.

"खा रे माझ्या राजा," रावजी म्हणाला. राजा रवंथ करीत बसला.

ऊन डोक्यावर आलं. रावजीच्या पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात शेजारचा गंगाराम ढेकर देतच आला.

"रुसलाय तो. वरीसभर शिव्या घातल्यास. माफी माग."

"बैलाची?"

"मग ऱ्हा उपाशी."

बातमी फुटायला कितीसा वेळ! निम्मी वाडी अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसली. हौसाही दारात उभी राहिली. रावजीने हात जोडले.

"फुकटखाऊ बोललो, चुकलो."

"मोठ्यानं बोल, त्याला ऐकू नाय गेलं," गंगाराम म्हणाला.

"ठोंब्या बोललो, चुकलो! तुझं सगळं खानदानच आळशी बोललो, ते पण चुकलो!" रावजीने मुंडासं उतरवून बैलाच्या पायांशी ठेवलं. ढवळ्याने ते हुंगलं आणि त्याचं टोक तोंडात धरून तो चघळायला लागला.

"खाल्लान! खाल्लान!" रावजी ओरडला.

"अरे, मुंडासं खाल्लान!" गंगाराम म्हणाला.

"वडेच खायला पायजेत असं कुठं हाय?" म्हणत रावजी चुलीकडे धावला. टोपलीत एकही वडा नव्हता.

"तुम्ही झेंडू आणायला गेलात तवाच ढवळ्याला वाढलं," हौसा शांतपणे म्हणाली. "सूपभर वडे खाल्लान. मग मी नि पोरं जेवलो. कायद्यापरमाणंच."

"आणि माझे?"

"ते काय, त्याच्यापुढं."

रावजी उलटा पळाला. एव्हाना ढवळ्याला खरीच भूक लागली होती. पाच वड्यांसकट पानही गेलं होतं.

"त्याचं पोट भरलंय हे तुला म्हाईत होतं, मग सांगितलं का नाय, तुझ्या..." शिवी ओठांवर आली आणि पाडवा आठवला. रावजीने ती गिळली. सकाळपासून पोटात गेलेली ती पहिलीच गोष्ट.

हौसाने पाट मांडला, निरांजन लावलं. "बसा, ओवाळते. ज्या शिव्या मला घालता, त्याच सगळ्यांची माफी चारचौघांत मागत होता. मधीच कशी अडवू?"

रावजी पाटावर बसला. ओवाळून झाल्यावर सवयीने त्याचा हात कनवटीला गेला.

"ऱ्हाऊ दे," हौसा म्हणाली. "ओवाळणी पोचली मला."