एक हजार चोवीस

सर्व्हर म्हणजे काय, हे पुण्यात फार तर चार माणसांना कळतं. त्यातले तिघे माझ्याकडूनच शिकले, आणि तेही अर्धवट!

म्हणून लोणी काळभोरच्या एका कॉलेजातून प्राचार्य रावसाहेबांचा फोन आला, तेव्हा खडकीहून निघतानाच मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे. चहा टाकून ठेवा."

दुपारी दोनला परीक्षा. अकरा वाजले तरी वेबसाइटवरून एकालाही हॉल तिकीट मिळेना. ऑफिसच्या खिडकीपाशी पोरांची झुंबड. आणि स्क्रीनवर एकच ओळ: टू मेनी ओपन फाइल्स.

"उघड्या फायली जास्त झाल्यात," मी म्हणालो.

"तरी मी रोज सांगतो!" रावसाहेब ओरडले. "गेनबा! रेकॉर्ड रूममधल्या सगळ्या फायली बंद कर आणि कुलूप लाव!"

गेनबा शिपाई धावला. अशा लोकांवर मी शब्द वाया घालवत नाही. तुम्हाला सांगतो. प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला, एका वेळी किती फायली उघडता येतील, याची मर्यादा असते. इथे ती होती एक हजार चोवीस, आणि साइटवर आलेलं प्रत्येक पोर त्यातच मोजलं जातं. मर्यादा वाढवायची, विषय संपला!

मी मर्यादांची फाइल उघडली. शेजारी लॅब असिस्टंट चैताली बसली होती. ती म्हणाली, "सर, ती फाइल लॉगिन करणाऱ्या माणसांसाठी असते. सर्व्हिसला लागू होत नाही. सर्व्हिसची मर्यादा तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहावी लागते."

"हे कुठे शिकलात?"

"मॅन्युअल वाचलं."

"ज्यांना येत नाही, ते वाचतात!"

आणि आकडा तरी कशाला? आकडे भित्रे लोक लिहितात. मी सगळ्यांसाठी सरळ 'अनलिमिटेड' लिहिलं आणि ऐटीत लॉगआउट केलं.

परत लॉगिन करायला गेलो, तर सर्व्हरने मला हाकललं! पासवर्ड बरोबर, तरी हाकललं. लग्नात दुसऱ्यांदा पंगतीला बसलेल्याला हुडकून उठवावं, तसं!

"सर, 'अनलिमिटेड' लिहिलं की लॉगिनच होत नाही," चैताली म्हणाली. "हेही मॅन्युअलमध्ये आहे."

"ठाऊक आहे! चाचणी घेत होतो. आता सर्व्हरपाशी बसूनच दुरुस्त करतो. कुठे आहे तो?"

"रेकॉर्ड रूममध्ये."

रावसाहेबांनी घाईघाईने गेनबाला फोन लावला.

"किल्ली माझ्याच खिशात हाय, सायेब. घरी जेवाया आलोय. काळजी नगं, येक बी फाइल उघडी न्हाय!"

तेवढ्यात खिडकीतून एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, आम्हाला परीक्षेला बसू देतील ना?"

मी तिला सर्व्हर म्हणजे काय, ते समजावायला लागलो.

चैतालीने कीबोर्ड पुढे ओढला. "माझं लॉगिन सकाळपासून चालू आहे. मी बाहेर पडलेच नव्हते."

तिने सर्व्हिसच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. पोरांच्या मोबाइलवर भराभर तिकिटं उतरली. साडेबाराला खिडकी रिकामी!

निघताना माझं लॉगिन होतंय का, ते पाहिलं. झालं. मर्यादांच्या फाइलमधली माझी ओळ तिने पुसली होती आणि त्या जागी टीप लिहिली होती: 'येथे अनलिमिटेड लिहू नये. लिहिल्यास आत घेतले जाणार नाही.'

मी ती तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एक चूक सापडली असती, तर चांगलं सुनावलं असतं. नाही सापडली!