व्याह्यांच्या डिझेलमधलं पाणी

तोतारामनानांनी व्याह्यांच्या डिझेलविरुद्धची तक्रार मागे घेतली. मात्र सरकारी तक्रार मागे घ्यायचा फॉर्म उपलब्ध नसल्यामुळे ती केलीच नव्हती, असं दोन्ही घरांनी ठरवलं आहे. आपणही तसंच धरून चालू.

तर न केलेली तक्रार अशी. नानांची लेक बेबी पारोळ्याला शालिग्रामआबांच्या घरी दिली. आबांचा डिझेल पंप, म्हणून विहिरीवरच्या इंजिनाचं डिझेल तिथूनच येऊ लागलं. तेव्हापासून इंजिन खोकायला लागलं. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, ऐन गव्हाच्या पाण्याला, ते तिसऱ्यांदा बंद पडलं आणि नानांनी रागाच्या भरात पुरवठा कार्यालयाला पोस्टकार्ड टाकलं. दोन दिवसांत राग गेला. तोवर कार्ड पोचलं होतं.

पुरवठा निरीक्षक जीप घेऊन आले आणि नाना, त्यांच्या पत्नी कुंदाबाई व डिझेलचा डबा, तिघांनाही पंपावर घेऊन गेले. बेबीनं चहा आणला. ती वडिलांकडे बघेना.

"भेसळ निघाली तर पंप बंद," निरीक्षक म्हणाले.

"मंग पोरगीबी परत ली जा," आबा आपल्या व्याह्यांना शांतपणे म्हणाले. "चहा ल्या, याही. थंडा व्हई ऱ्हायना."

निरीक्षकांनी सळईला मलम लावलं. पाणी लागलं की ते लाल होतं. पंपाच्या टाकीत सळई बुडवली, मलम तसंच राहिलं. नानांच्या डब्यात बुडवली, तर कुंकवासारखं लाल.

"टाकीत नाही, डब्यात आहे. हे पाणी आलं कुठून?"

कुंदाबाईंनी पदर सावरला. "याहीना पंपवर कळकट डबा धाडू का? लोके काय म्हनतीन? दर बखतले मी धुईसनच देस."

"आणि वाळवत नाही?"

"कव्हय वाळवू? हाई मानूस बाहेर फटफटी चालू करीसन उभा ऱ्हास."

शालिग्रामआबांनी घसा खाकरला. "खोटं कसाले बोलू? नरसाळं मीबी धुवाडस. याहीना डबाले कळकट नरसाळं लावू का?"

निरीक्षकांनी फॉर्म उघडला. भेसळीच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मानपान' लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. मग नियमाप्रमाणे डबा जप्त केला. बेबीनं न विचारताच वडिलांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्याच संध्याकाळी दोन्ही व्याह्यांच्या सह्यांनी अर्ज गेला: "विनंती की, सदर तक्रार आलीच नव्हती असे कार्यालयाने लेखी कळवावे. जप्त डबा आतील पाणी वगळून परत मिळावा, व परत करताना तो कृपया धुऊ नये."