भुलेखालच्या माशाची शुश्रूषा

शस्त्रक्रियागृहाची मुख्य परिचारिका म्हणून मी एकतीस वर्षे काढली. भूल दिलेला रुग्ण कसा सांभाळावा, हे मला शिकवणारा अद्याप जन्माला यायचा आहे. म्हणूनच नातीने आपला मासा माझ्या स्वाधीन केला, तेव्हा मी चष्मा पुसला आणि तिला निर्धास्तपणे जायला सांगितले.

नात माशांच्या श्वसनावर संशोधन करते. प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाल्यामुळे तिची काचेची टाकी आमच्या जेवणाच्या टेबलावर आली होती. काम सोपे होते. पाण्यात लवंगतेलाच्या द्रावणाचे दहा थेंब घालायचे, माशाला गुंगी आली की कल्ल्यांची उघडझाप दर मिनिटाला मोजून तक्त्यात लिहायची आणि पंधरा मिनिटांनी त्याला शेजारच्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडायचे. या शेवटच्या माशाचे आकडे मिळाले की तिचा प्रबंध पूर्ण होणार होता. सांगितले आहे तेवढेच करायचे, असे ती दारातून दोनदा म्हणाली. मी ते कानाआड केले.

पहिली काही मिनिटे रुग्ण उत्तम होता. एक्क्याऐंशी, चौऱ्याहत्तर, अडुसष्ट. सहज पाण्यात बोट घातले, तर पाणी गार! भुलेखालचा रुग्ण गार पडता कामा नये, हा तर पहिला धडा. मी सूनबाईकडून तांब्याभर गरम पाणी मागवून टाकीत ओतले. पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राची घरघर मोजणीत व्यत्यय आणत होती, ते बंद केले. वरून लोकरीची शाल पांघरली. सूनबाई बँकेत नोकरी करते, माशांशी तिचा संबंध नाही. तरी तिने विचारले, की त्याचा जीव गुदमरणार नाही का. मी शालीच्या कडा नीट खोचल्या.

कल्ले एकशेवीसवर गेले. रुग्ण शुद्धीवर येत आहे, असे निदान करून मी आणखी सहा थेंब घातले. आकडा नव्वदवर आला, चाळीसवर आला, आणि मग मोजण्यासारखे काही उरलेच नाही. मासा बशीतल्या चमच्यासारखा आडवा पडला.

"आई, काय केलंत तुम्ही?"

"रुग्णाची काळजी घेतली."

"मग ती आता पुरे करा. बादली घ्या."

या घरात मला हुकूम होण्याची ही पहिलीच वेळ. तरी बादली मी घेतली. माणसाला आपण हवा पुरवतो, याला पाणी पुरवायला हवे, एवढे सुचले. त्याला ओंजळीत धरून, तोंड पुढे ठेवून, मी बादलीत गोल फिरवू लागले; पाणी तोंडातून शिरावे आणि कल्ल्यांतून निघावे म्हणून. सूनबाई घड्याळ पाहत होती. सहाव्या मिनिटाला माझ्या बोटांना पापणी लवल्यासारखे काहीतरी जाणवले. कल्ले हलले होते.

ती सहा मिनिटे तक्त्यात कोरी सोडावीत, असे सूनबाईने हळूच सुचवले. खोटा तक्ता मी आयुष्यात लिहिलेला नाही. गरम पाणी, शाल, सहा थेंब, सहा शून्ये, सारे लिहिले.

नात रडेल असे वाटले होते. तिने तक्ता तीनदा वाचला आणि शाल नेमकी कितव्या मिनिटाला घातली, ते विचारले. मग म्हणाली, "आजी, तो जागा होत नव्हता गं. धापा टाकत होता." ऊब मिळाली की माशाच्या शरीराला प्राणवायू अधिक लागतो, आणि गरम पाण्यात तोच कमी मावतो, त्यात यंत्र बंद, त्यामुळे त्याने सोडलेला दूषित वायू त्याच्याच भोवती साचलेला. हवेसाठी तडफडणाऱ्याला मी आणखी भूल दिली होती. जेवणाची पाने वाढेपर्यंत मी तिला प्रश्न विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने नवा मासा आणून त्याचे आकडे स्वतः घेतले. मला दारात उभे राहून घड्याळ धरण्याची परवानगी मिळाली.

माझा तक्ता मात्र तिच्या मार्गदर्शकांना फार आवडला. त्यांनी तो प्रबंधाला जोडायला लावला आणि खाली शेरा लिहिला: "नोंदी अत्यंत प्रामाणिक. शिकाऊ मुलीला रुग्णाजवळ एकटे सोडू नये."

शेऱ्याखाली शिकाऊ मुलीची सही हवी होती. मी केली.