म्हशीच्या जागी फवारा

२००८ साली जनवाड्याच्या लिंगाप्पाने स्लॅबचं घर बांधलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, चुन्यात कालवलेला पोपटी रंग आणि दारासमोर म्हैस. मुलगा सुनीलकुमार पुण्याला कंपनीत होता आणि लग्नाचा होता. त्या सुमारास आमच्या भागात स्थळ पाठवताना मुलाच्या फोटोसोबत घराचाही फोटो पाठवायची पद्धत पडली होती. मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो हे सर्वांना ठाऊक असे. म्हणूनच तो जिथे राहत नाही ते घर कागदावर दिसणं आवश्यक मानलं जाई.

फोटो काढायला बीदरहून स्टुडिओवाला अंकुशराव आला. त्याची पावती कन्नडमध्ये होती, पावतीमागच्या अटी बारीक इंग्रजीत होत्या आणि "करा की सही, अप्पा" एवढंच त्याने मराठीत सांगितलं. तीन भाषा येणाऱ्या प्रांतात व्यवहार असा सर्वांच्या सोयीने होतो.

फोटो दुबलगुंडीच्या जगदेवप्पांकडे गेला. त्यांची मुलगी श्रीदेवी सुनीलकुमारला पसंत होती. तिलाही तो पसंत होता असं म्हणतात. पंधरा दिवसांनी फोटो परत आला आणि त्यासोबत निरोप आला: "कॅलेंडरातलं घर आपलं म्हणून सांगणाऱ्याच्या घरी आमी पोरगी देत न्हाई."

लिंगाप्पाला काही उमजेना. मग किराणा दुकानात त्याला नव्या सालाचं कॅलेंडर दिसलं. 'कमलपर्ण व्हॅली, बीदर. आपल्या स्वप्नातील घर.' नावात कमळ, पान आणि दरी होती. जागेवर तिन्ही नव्हती. चित्रात मात्र लिंगाप्पाचं घर होतं. आभाळ गरजेपेक्षा निळं केलेलं, मागे डोंगर आणि म्हशीच्या जागी फवारा.

तो तडक स्टुडिओत गेला.

"अंकुशराव, माझं घर कॅलेंडरात कामून बसवलंय?"

"अप्पा, घर तुमचंच हाय, कोण न्हाई म्हणायलंय? पण फोटो माझा हाय. पावतीमागं समदं लिवलंय. मी तो प्लॉट इकणाऱ्या लेआउटवाल्यांना वापरायला दिलाय. आता पाच वर्सं कुणाला दाखवायचा असंल तर त्यांचा परवाना लागतोय."

"मला बी?"

"तुमाला तर आधी. दाखवायची गरज तुमालाच पडायलीय की."

लिंगाप्पाने मग औरादचा दुसरा फोटोवाला आणला आणि घराचा नवा फोटो काढवला. घर तेच, म्हैसही जागेवर. तो पाहून जगदेवप्पांचा दुसरा निरोप आला: "आता तर फवारा पुसून कंप्युटरवर म्हस घातली. लय धीट लोक हायत." जनवाड्यातही कुजबुज सुरू झाली. एक शब्द खोटा न बोलता खोटं ठरायची पाळी आली की माणसाला फार लाज वाटते. लिंगाप्पा पारावर बसेनासा झाला.

शेवटी तो लेआउटच्या कार्यालयात गेला. तिथे व्यवस्थापक सिद्धलिंगप्पा टाय लावून बसले होते. त्यांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि एक छापील अर्ज पुढे केला: 'वास्तूच्या मूळ मालकास वास्तूची प्रतिमा विवाहविषयक प्रयोजनासाठी, एकवार, एकाच पाहुण्यास दाखविण्याचा मर्यादित परवाना मिळणेबाबत.'

"यासोबत घराचा फोटो जोडा," ते म्हणाले.

"त्योच तर दाखवायची परवानगी मागायलोय, साहेब."

"बरोबर आहे. परवानगीशिवाय जोडता येणार नाही. तोंडी वर्णन सांगा, मी लिहून घेतो."

"पोपटी रंग. दोन खिडक्या. दारापुढं म्हस."

सिद्धलिंगप्पांचं पेन थांबलं. "आमच्या फोटोत म्हैस नाही. फवारा आहे."

"फवारा न्हाई साहेब, त्या जाग्यावर म्हस हाय."

"म्हणजे आपलं घर आमच्या फोटोशी जुळत नाही. ही बाब गंभीर आहे. आमची गिऱ्हाइकं आपल्या घरापुढच्या रस्त्यानेच जातात."

आठ दिवसांत अर्जाचं उत्तर म्हणून नोटीस आली. सदर घर छायाचित्राशी विसंगत स्थितीत आढळल्याने कमलपर्ण व्हॅलीच्या प्रतिमेस बाध येत आहे. सबब दर्शनी भागी म्हैस बांधू नये, गच्चीवर मिरच्या वाळत घालू नयेत, रंग बदलू नये आणि शक्यतो आभाळ निरभ्र असतानाच घर उघडं ठेवावं.

लिंगाप्पाची बायको बाणूबाई हिने नोटीस शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचवून घेतली.

"म्हशीला कुठं बांधू मग? फवाऱ्यात?" ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुमी कागदं घेऊन फिरायलाव. त्या मानसाला म्हणावं, ये, अन् डोळ्यानं बघ. घर हाय की हितं!"

हा उपाय कुणालाच सुचला नव्हता, कारण त्याला अर्ज नव्हता.

जगदेवप्पा आले. काखेत गुंडाळलेलं कॅलेंडर होतं आणि मागे श्रीदेवी. मुलीने आधी मुलाच्या घरी येणं रीतीत बसत नव्हतं; पण मीबी बघणार म्हणून ती हटून बसली होती. जगदेवप्पांनी रस्त्यात उभं राहून कॅलेंडर उलगडलं, एक डोळा मिटला आणि चित्र घरासमोर धरलं.

"खिडक्या जुळायल्यात," ते म्हणाले. "पर फवारा कुठाय? डोंगर कुठाय? ह्ये कॅलेंडरातल्या घराची नक्कल करून बांधल्यालं दिसतंय."

लिंगाप्पाचा चेहरा उतरला.

श्रीदेवी म्हशीला वळसा घालून ओसरीवर गेली, भिंतीवर हात टेकला आणि तळवा वडिलांपुढे धरला. तो पोपटी झाला होता.

"रंग लागायलाय, अप्पा," ती म्हणाली. "तुमच्या कॅलेंडराला हात लावून बघा बरं."

जगदेवप्पांनी खरोखरच चित्रावर हात घासून पाहिला. काही लागलं नाही. त्यांनी कॅलेंडर गुंडाळून पुन्हा काखेत मारलं आणि चहा घेतला.

वैशाखात लग्न झालं. फोटोला अंकुशरावच होता, कारण सुनीलकुमारचा तो वर्गमित्र निघाला. पावतीवर सही नेहमीप्रमाणे झाली. नवरानवरी दारात उभी असताना म्हशीने मान लांब करून सुनीलकुमारच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली. श्रीदेवीला हसू आवरेना, तोही हार ओढता ओढता हसू लागला आणि अंकुशरावने बटन दाबलं. आजवर त्याने काढलेला सर्वात चांगला फोटो तोच, असं तो स्वतः सांगतो.

तो फोटो तुम्ही पाहिला आहे. २०१० च्या कॅलेंडरवर, 'कमलपर्ण व्हॅलीचे समाधानी ग्राहक' या मथळ्याखाली. म्हशीच्या जागी पांढरी मोटार आहे आणि फवारा तिच्यामागे सरकवला आहे. ती दोघं इतकी मनापासून हसत होती, की तुम्ही बायकोला म्हणालात, असं सुख असेल तर आपणही एक प्लॉट घेऊन टाकू. फवारा कितीचा, मोटार कुठली, हे तुम्ही बारकाईने विचारलंत. जागा बघायला मात्र गेला नाहीत. फोटो पाहिला होता ना.

आता कमलपर्ण व्हॅलीच्या बोडक्या माळावर उन्हात उभे राहून तुम्ही मला फोन करून विचारता आहात, की ते घर कुठे आहे. जनवाड्याला आहे. लिंगाप्पा आनंदाने दाखवेल, बाणूबाई चहा देईल, भिंतीला हातही लावू देतील. फक्त फोटो काढू नका. त्याला परवाना लागतो, आणि अर्जासोबत फोटो जोडावा लागतो.